बिनशिंगांची चंद्री

"शिंगांनीच सगळा घोळ केलाय," दगडावर वाकलेला माणूस पुटपुटला. मी त्याच्या खांद्यामागेच उभी होते.

"शिंगांशिवाय म्हैस नेली, तर आण्णा मला घरात घेणार न्हाईत."

तो वळला. पापण्यांवर दगडाची धूळ... आणि तरी डोळे कसे स्वच्छ.

"कोण आपण?"

"निशिगंधा. गारगोटीहून आलेय. आमची चंद्री गेली, तिचा पुतळा माझ्या वडलांनी सांगितलाय तुम्हाला. फोटोसारखा."

"फोटो हाय की मग घरात." मृत्युंजय शिल्पकार हट्टी आहे, हे कोल्हापुरात सगळ्यांनी सांगितलंच होतं. "चंद्रीचं असं काय होतं, जे दुसऱ्या म्हशीत न्हाय?"

"मी गोठ्यात जाऊन रडायचे, तवा... मान वळवून बघायची."

"बास. तेवढंच ठेवतो."

मग दर शनिवारी मी काम बघायला जाऊ लागले. शिंगं गेली, शेपूट गेलं, पाय दगडातच विरले. डोळेसुद्धा गेले. उरली एक काळी, गुळगुळीत पाठ आणि वळलेली मान. मी तिच्यावर हात ठेवला. चंद्रीच होती ती.

"बोलतानापण असंच छिलता का? दोन शब्दांच्या वर जात न्हाईसा," खरवसाचा डबा उघडत मी म्हटलं.

"उरलेले तुम्ही बोलता की."

शिल्प पुरं झालं होतं. पण तसं म्हणेना कुणी. कपच्या झाडायला आलेल्या अंबूबाई म्हणाल्या, "आज झाडायला कायच न्हाय," आणि छताकडं बघत बसल्या. घरी आण्णांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "मान राहिलीय." त्यांनी माझ्या नव्या ओढणीकडं बघितलं. "राहू दे. सावकाश."

पुढच्या शनिवारी मृत्युंजयनं मानेवर छिन्नी टेकवली. "इथं अजून थोडं..."

एक घाव, आणि मानेचं वळण गेलं असतं — मग उरला असता नुसता दगड. मी मानेवर तळवा ठेवला.

"हात काढा. लागंल."

"लागू दे."

हातोडा वरच राहिला.

"चंद्री दोन शनिवारांमागंच झालीय, मृत्युंजय. मी यावं म्हणून तुम्ही तिला कापताय, आणि मला यायचं असतं म्हणून मी घरी खोटं बोलतेय. तुम्ही म्हणाल म्हणून वाट बघितली. आता मीच म्हणते — मला तुम्ही आवडता."