हळदीचे जुने भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात अवधूतनं हात वर केला तो मोबाइलवर फोटो काढायला. पण समोर हळदीचा सौदा चालला होता. हात खाली येईपर्यंत चाळीस पोती त्याच्या नावावर झाली होती.

"आवं, मी फकस्त फोटो..."

"फोटोवाले, पोती कुठं उतरवायची?" हमालानं विचारलं.

तेवढ्यात आडत्या विष्णुपंतांची मुलगी ज्ञानदा पुढं आली. पापण्यांवर हळदीची भुकटी... डोळे मिटले की पिवळं ऊन पडावं तशी.

"आमचे पाहुणे आहेत," ती बिनदिक्कत खोटं बोलली. "सौदा परत काढा."

अवधूत उंब्रजचा. हळदीची खरेदी-विक्री आपोआप करणारा प्रोग्राम लिहायचं त्यानं मनावर घेतलं होतं. फुकटचे कोर्स इतके उतरवले होते, की मोबाइलात आईच्या फोटोला जागा उरली नव्हती. प्रत्येक कोर्सचा पहिला धडा तोंडपाठ. प्रोग्राम शिकतो जुन्या भावांवर, आणि अडलं होतं तिथंच. नेटवर शिकागोच्या बाजारातल्या डुकरांचे पन्नास वर्षांचे भाव मिळाले, सांगलीच्या हळदीचे मागच्या वर्षीचे मिळेनात.

"डुकरं?" ज्ञानदानं विचारलं.

"लय स्वच्छ हाईत," तो म्हणाला. "म्हंजे... आकडे."

ती इतकी हसली की पापण्यांवरची हळद गालावर आली. शेतकऱ्यांना रोज संध्याकाळी भाव कळवायचं काम तिचंच, त्यामुळं सगळी वर्षं तिच्या फोनमध्ये होती.

"देईन. पण एका फेरीला एकच महिना. फोन जुना आहे, दमतो."

फोन दिवाळीत घेतलेला. हे हमालांनाही माहीत होतं. अवधूतला मात्र फोनची कीव आली.

मग दर शनिवारी एसटी, चहा, भडंग आणि एक महिना. एकदा त्यानं विचारलं, पूर्वी रुमालाखाली सौदा कसा व्हायचा? तिनं ओढणीचं टोक त्याच्या हातावर टाकलं.

"बोट धरलं की एक. पंजा धरला की पाच. ...आता मी किती म्हणाले?"

"परत म्हणा."

ती परत म्हणाली. अवधूतला आकडा कळला नाही. तिसऱ्यांदाही कळला नाही.

त्याच संध्याकाळी, स्टँडवर, त्याला तिची काळजी वाटली. आणि काळजीपोटी माणूस काहीही बोलतो.

"दर शनवारी तुमाला तरास. सगळा डेटा एकदम मेल करा की. माज्या फेऱ्या वाचतील."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "वाचतील," म्हणाली. "खरंच वाचतील, अवधूतराव."

एसटी आष्ट्याला पोचायच्या आत सगळी वर्षं आली. खाली ओळ होती : 'आता यायची गरज नाही.' अवधूतनं विचार केला आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला.

प्रोग्राम उत्तम झाला. फक्त रोज एकच सांगायचा – थांबा. अवधूतला तो समंजस वाटला. शनिवार आले की सांगलीला जावंसं वाटायचं, पण काय सांगून जायचं? एकदा त्यानं फाईलमधला आख्खा मार्च पुसला, मागायला जाता यावं म्हणून. कॉम्प्युटरनं तो आपणहून परत आणून दिला.

पुढच्या हंगामात तो कारण नसतानाच गेला. ज्ञानदानं लग्नाची पत्रिका पुढं केली.

"जतचे आहेत. टँकरचा धंदा. पहिल्याच भेटीत विचारलं त्यांनी."

"डेटा नसताना?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"नसताना." ती हसली... अर्धीच. "बरं, माझ्या लग्नाची हळद आज घेऊ, की भाव उतरेल? काय म्हणतो प्रोग्राम?"

"थांबा म्हणतोय."

"आणि तुम्ही?"

अवधूतनं हात पुढं केला. तिनं इकडंतिकडं बघितलं, ओढणीचं टोक त्यावर टाकलं. त्यानं बोट धरलं नाही, पंजा धरला नाही. तिचा हात नुसता ओंजळीत घेतला... पाखरू धरावं तसा.

"असा भाव नसतो, अवधूत," ती हळूच म्हणाली. 'राव' पहिल्यांदाच गळलं होतं.

"ठावं हाय."

तिनं हात सोडवून घेतला, सावकाश. मागं नव्या ढिगाचा सौदा सुरू झाला. पुकारणाऱ्यानं यार्डभर नजर फिरवली – कोण हात वर करतंय?

अवधूतनं दोन्ही हात खिशात घातले.