शिवणीची फळी

लोणावळा स्टेशनातून तुंगार्लीकडे निघालं की डाव्या हाताला माझं दुकान लागायचं. 'महिपती मिस्त्री, वाद्यदुरुस्ती' एवढीच पाटी. खरा माल मात्र आत टांगलेला असे, कमानी गिटार. साध्या गिटारीचं पोट सपाट असतं. हिचं पोट जाड फळीतून कोरून व्हायोलिनसारखं फुगीर करावं लागतं, आणि एका गिटारीला तीन महिने जातात. इनास मास्तरांनी मला हे शिकवलं. ते गेल्यावर पुणे-मुंबईच्या मधे हे काम करणारा मी एकटा उरलो. यात फुशारकी आहे, नाही असं नाही.

अडुसष्ट सालापर्यंत त्या फुशारकीतली हवा गेली होती. पोटाला लागणारं विलायती स्प्रूसचं लाकूड आयातबंदीत अडकलं. चारशेला जाणारी गिटार दीड हजारावर गेली. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातली पोरं विजेवर वाजणाऱ्या चपट्या फळ्या गळ्यात अडकवू लागली. माझ्याकडे एकच ऑर्डर शिल्लक होती, मुंबईत गिटार वाजवणाऱ्या कायतानची. ती हुकली तर दुकानाला कुलूप लावून खोक्यांच्या कारखान्यात खिळे ठोकायला जायचं, असं मी आणि माझी बायको नंदा यांनी ठरवून टाकलं होतं. फेब्रुवारी उजाडला तरी पोटाला फळी नव्हती.

तुंगार्लीच्या मागच्या डोंगरात एका वाडीवर नवशा राहायचा. साठीचा माणूस, मला सरस आणि डिंक आणून द्यायचा. त्याला म्हटलं, हलकं, वाळलेलं, गाठ नसलेलं लाकूड दाखव. तो मला घेऊन निघाला. वाट देवाच्या राईतून जात होती. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत पाय टाकताच दंडावर काटा येईल असा गारवा. तिथे शिवणीचं एक झाड उभ्याउभ्या वाळलं होतं. साल गळालेली, खोड सरळ, हातभर रुंद. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

लाकूड दिसलं की ठोकून बघायचं, ही आमच्या धंद्याची खोड. मी कान खोडाला लावला आणि बोटाच्या पेराने एकदा ठोकलं.

आतून दोनदा आवाज आला. स्वच्छ, भरदार, पंचमाच्या जरासा खाली. तीस वर्षांत असं बोलणारं लाकूड मी ऐकलं नव्हतं. मी खूश होऊन वळलो, तर नवशा दहा पावलं मागे सरकला होता.

"मिस्त्री, चला हितनं."

"का रे?"

"राईतलं वाळकं न्यायचं तर आदी ठोकून इचारत्यात. झाड गप ऱ्हायलं तर न्यायचं. आतनं जाब आला तर त्येला हात लावायचा न्हाई."

"अरे, पोकळ असेल. घुमतंय."

"पोकळ न्हाई त्ये," नवशा म्हणाला आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच करवत घेऊन गेलो. खोड गाभ्यापर्यंत भरीव निघालं. त्याचं मला नवल वाटलं, पण हात थांबला नाही. हवी तेवढी फळी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी उतरलो.

कोरताना फळी दोन बोटांत अधांतरी धरायची, ठोकायची, ऐकायचं आणि पुन्हा तासायचं. मी एकदा ठोकलं की ती दोनदा बोलायची. उंदीर बघितले, टेबल हलवलं, फळी अंगणात सुतळीला टांगून ठोकली. भर दुपारी, रस्त्यावर भाजीवाली ओरडत असताना, दोनदाच. फळी जशी पातळ होत गेली, तसा तो आवाज जवळ येत गेला.

नंदा चहा घेऊन आली. "सारखं दोनदा काय ठोकताय?"

"मी एकदाच ठोकतोय."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. चहा तसाच ठेवून आत गेली.

पोट तयार झालं त्या दिवशी नवशा आला. पायरी चढला नाही.

"अजून जोडलं न्हाई न्हवं? हाय तसं झाडापाशी ठिवून या. घर मोडलं का त्ये दुसरं बघतंय."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? फळी मी कापडात गुंडाळलीसुद्धा. पण टेबलावर कायतानचं कार्ड होतं, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी येतो म्हणून. मी कापड सोडलं आणि सरस गरम करायला ठेवला.

तारा चढवून आठ दिवस मी ती गिटार छातीशी धरून वाजवली. नव्या तारा ताणून सुरात स्थिर व्हायला तेवढं वाजवावंच लागतं. ठरल्या रविवारी कायतान आला. मी वाजवून दाखवली, तर त्याचे डोळे भरून आले. स्वतः वाजवून न बघताच त्याने पैसे मोजले आणि आणखी दोन गिटारींची ऑर्डर उभ्याउभ्या दिली. तो निघताना मी पोटावर हळूच एकदा ठोकलं. काही आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

महिन्याने तो गिटार घेऊन परत आला.

"मिस्त्री, ही मुकी झाली."

मी ती छातीशी धरली आणि तार छेडली. दुकान भरून गेलं.

कायतानने ती हातातून घेतली, स्वतः वाजवली. नुसतं लाकूड. "तुमच्याकडेच बोलते ही," तो म्हणाला. पैसे परत घेतले, दोन्ही ऑर्डरी मोडल्या. माझ्या नजरेला नजर न देता गेला.

मला तेव्हा कोरडा खोकला लागला होता. भुसा गेला असेल म्हणून नंदाने बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी माझ्या छातीवर डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि उजव्या बोटाने त्यावर एकदा ठोकलं.

आतून दोनदा आलं.

"हललात का?"

"नाही."

त्यांनी पुन्हा ठोकलं नाही. नंदा दाराशी उभी होती. तिने तो आवाज ओळखला.

दुकान आता बंद आहे. नवशाकडे जाऊन आलो. त्याने लांबूनच हात जोडले.

परवापासून मात्र उलट झालं आहे. आतून आधी येतं. एकदाच. मग ते जाबासाठी थांबतं.

मी लगेच छातीवर दोनदा ठोकतो.

झोपताना नंदाचा हात छातीवर ठेवून घेतो. आतून आलं आणि मला जाग नाही आली तर तिने ठोकायचं, असं तिला सांगून ठेवलं आहे.