कोऱ्या बाटलीतलं शिसं

विश्वास ठेवा, नका ठेवू... पण वैभवी माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही. देवासच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका खासगी लॅबमध्ये, दोन वर्षांपूर्वी, होळीनंतरच्या रविवारी हे घडलं. तेही भर दुपारी.

वैभवी तिथे धातूंचे समस्थानिक मोजायची. शिसं दिसायला सगळं सारखंच. पण ज्या खाणीतून ते निघालं, त्याप्रमाणे त्यातल्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण बदलतं. तिचं मशीन ते प्रमाण मोजायचं.

सरदारपूरकडच्या दुर्गाताईंनी तिला एक दुधाचा दात आणून दिला होता. त्यांच्या मुलीचा, चिऊचा.

चिऊ सातव्या वर्षी गेली. आधी पोटात दुखायचं, मग पाय लुळे पडले. गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती.

दातातलं शिसं आणि भट्टीच्या राखेतलं शिसं... तंतोतंत जुळलं.

लॅबचे मालक बापूसाहेब यांनी रिपोर्ट अडवला. भट्टीवाले त्यांचे जुने गिऱ्हाईक.

“ब्लँक खराब होता असं लिही,” ते म्हणाले.

ब्लँक म्हणजे नुसतं शुद्ध ॲसिड भरलेली बाटली. तिच्यातच शिसं सापडलं, तर बाकीचं मोजमाप बाद.

“ब्लँक स्वच्छ होता, सर.”

“बेटा, खामखा पंगा घेऊ नकोस. पुन्हा लावून बघ. निघेल खराब.”

म्हणून ती रविवारी एकटीच आली. ब्लँक स्वच्छ असल्याचं दाखवून द्यायला.

नवी बाटली, नवं ॲसिड. तिने मशीनची नळी आत सोडली.

आणि पंपाची घरघर थांबली...

पंप चालूच होता. हिरवा दिवा जळत होता. फक्त आवाज नव्हता.

त्या शांततेत तिच्या मागे कुणीतरी खोकलं. बारीक, लहान मुलासारखं.

ती वळली. कुणी नव्हतं.

स्क्रीनवर आकडा चढायला लागला. शिसं. आणि प्रमाण... चिऊच्या दाताचं.

तिने बाटली बदलली. तेच. नळी नुसती हवेत धरली. तेच.

शेवटी तिने मशीनची ज्योतच विझवली. ज्योतीशिवाय ते मशीन काहीएक मोजू शकत नाही.

आकडा चढतच होता...

तिने बापूसाहेबांना फोन करून बोलावलं. ते आले, बाहेरूनच काचेतून स्क्रीन पाहिली. चेहरा खुलला.

“मी म्हणत होतो ना?” त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

“सर, ज्योत विझलेली आहे.”

“ते फोटोत कुठे दिसतंय?”

मग त्यांची नजर खाली गेली.

त्या खोलीच्या दारात चिकट मॅट असते, पायांची धूळ धरून ठेवणारी. तिच्यावर पावलं उमटली होती. छोटी, अनवाणी, राखेच्या रंगाची. प्रत्येक पावलापुढे बोटं फरपटल्याची रेघ.

सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही.

बापूसाहेबांनी वाकून मॅटचा वरचा थर सोलून काढला.

खालच्या कोऱ्या थरावर, दोघांच्या देखत... आणखी एक पाऊल उमटलं.

ते जिन्याकडे धावले. त्यांच्यामागे तीही.

तरी सोमवारी रिपोर्टवर बापूसाहेबांची सही झालीच. ‘ब्लँक दूषित, निष्कर्ष ग्राह्य नाही.’ सोबत तो फोटो.

वैभवीने नोकरी सोडली. तिथले लोक सांगतात, आता ब्लँक स्वच्छ येतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही. भट्टी आजही धूर ओकते. आणि वैभवी अजून शांत खोलीत एकटी बसत नाही.

सरदारपूरला जाऊन तिने दुर्गाताईंना सगळं सांगितलं. फक्त ती रेघ सांगितली नाही. रिपोर्टबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही.

मग म्हणाल्या, “ताई, नीट चालत होती का हो ती?”

वैभवी म्हणाली, “हो.”