शेवटची चौदा पानं

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी परीक्षण पाठवलं. कादंबरीची शेवटची चौदा पानं मी वाचलेली नव्हती.

सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पुस्तकांचं पान मी सांभाळतो. दर गुरुवारी पाचला पान सोडायचं, त्यात चारशे शब्दांत एका पुस्तकाचा निकाल लावायचा. त्या दिवशी तीन वाजता पानावरची जाहिरात रद्द झाली. पुरवणीची संपादक माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"अजून ऐंशी शब्द दे. आणि पान लवकर सोड, छपाईवाले डोक्यावर बसलेत."

"कादंबरी संपायचीय माझी."

"संपली असं समज. नवरा, बायको आणि तिसरा. शेवटी काय होणार आहे, भूकंप?"

खरं तर ही कादंबरी मला आवडायला नको होती. चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक विवाहित बाई जेवणाच्या सुट्टीत जमीन मोजणाऱ्या एका कंटाळवाण्या माणसाला भेटत राहते. नवरा चांगला. पीत नाही, हात उगारत नाही, टोचून बोलत नाही. लेखिका त्या बाईला शिक्षा देत नाही आणि तिची वकिलीही करत नाही. शंभराव्या पानाच्या आसपास आपण त्या बाईच्या बाजूने झालो आहोत, हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःचाच राग आला. हे सगळं मी चारशे शब्दांत प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आणखी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेवट फोडायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. तो मी मोडला, तोही न वाचलेला शेवट फोडून. रविवारची सकाळ. बायको जेवणाच्या टेबलाशी नवऱ्यासमोर बसते, दोन्ही हात पालथे टेबलावर ठेवते आणि म्हणते, "दोन वर्षं झाली." नवऱ्याला उत्तर सुचत नाही. कादंबरी तिथेच संपते, असं मी लिहिलं. अशा कादंबऱ्या साधारण अशाच संपतात. ऐंशी शब्द बरोबर भरले.

संध्याकाळी घरी आल्यावर, मनाला लागून राहू नये म्हणून, मी पान दोनशे सत्तावीस उघडलं.

रविवारची सकाळ होती. बायको टेबलाशी बसली. तिने दोन्ही हात पालथे ठेवले.

मी खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि पुन्हा वाचलं. शब्द माझे होते. क्रियापदंसुद्धा. दोनशे अठ्ठाविसाव्या पानाच्या मध्यावर, नवऱ्याला उत्तर सुचत नाही तिथे, मजकूर संपला. पुढची बारा पानं कोरी.

आधी वाटलं, बांधणीत चूक झाली असेल. कोरी पानं चुकून लागतात, मी पाहिली आहेत. पण कोऱ्या पानांवर पृष्ठांक नसतात. इथे प्रत्येक पानाखाली आकडा होता, दोनशे एकोणतीसपासून दोनशे चाळीसपर्यंत. पुस्तक हातात आलं की मी शेवटचं पान उघडून पृष्ठसंख्या टिपून घेतो. सोमवारी ती टिपली होती तेव्हा ते पान तळापर्यंत छापलेलं होतं.

बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एका तपासणी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेते. ही कादंबरी तिने माझ्याआधी, मंगळवारीच वाचून संपवली होती.

"नवरा काही आवडला नाही मला," असं म्हणाली होती.

"चांगला आहे की बिचारा."

"तेच तर. त्याला सगळं दिसतं आणि तो काही विचारत नाही."

मी गुरुवारीही तिला काही विचारलं नाही. पुस्तक कपाटात ठेवलं.

रविवारी सकाळी पावणेनऊला तिने पुरवणी उघडली. परीक्षण वाचताना ती सहसा मध्येमध्ये हसते. आज हसली नाही.

"हे काय लिहिलंयस तू?"

"का?"

"अरे, ती सांगतच नाही त्याला! शेवटच्या पानावर त्याच्या शर्टाचं बटण लावत असते आणि गप्प राहते. मी रडले होते तिथे. तू वाचलंस तरी का पुस्तक?"

मी कपाटातून पुस्तक आणून दिलं. तिने उभ्या उभ्या ती दोन पानं वाचली, मग कोरी पानं एकेक करून उलटली. शेवटच्या पानावरच्या आकड्यावरून तिने अंगठा फिरवला, जणू तो पुसला जाईल.

"ही तीच प्रत आहे?"

"तीच."

ती माझ्यासमोर बसली. पुस्तक बाजूला सरकवलं. दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे.

"नको," मी म्हणालो.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाईपच्या पाण्याचा आवाज सारखा येत होता. मी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करतो, मला एक वाक्य जमलं नाही. धक्का बसून वाचा बसते तसं ते नव्हतं. पुढची ओळ शोधावी तसा मी मनात शोधत होतो आणि तिथे काही छापलेलंच नव्हतं.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली. "ओरड तरी."

दुपारी तिने सांगितलं, गुरुवारी ती ताईकडे जाईल. तोवर प्रयोगशाळेत बदलीची बाई मिळेल. "थोडे दिवस जाते. मग बघू." 'मग बघू' या दोन शब्दांत अजून जागा आहे, असं मला वाटलं. गुरुवारच्या आत मी तिला एक वाक्य बोललो तर ती राहील. कोणतं, ते मला माहीत नव्हतं. फक्त तेवढं एक वाक्य मला हवं होतं.

सोमवारी माझी सुट्टी असते, तिची दुपारची पाळी होती. अकरा वाजता प्रकाशकाचा फोन आला. वीस वर्षांची ओळख, फोनवर आधी दोन विनोद केल्याशिवाय तो मुद्द्यावर येत नाही. आज थेट विचारलं.

"तुमच्या प्रतीत किती पानं आहेत?"

"दोनशे चाळीस. शेवटची बारा कोरी."

"कोरी? आमच्याकडे कोरी नाहीत."

"मग बटणाचा शेवट आहे?"

"तो होता. मी स्वतः मुद्रितं तपासली होती. काल तुमचं परीक्षण वाचून चिडून पुस्तक उघडलं, तर तुम्ही लिहिलंय तेच. गोदामातल्या गठ्ठ्यांतही तेच. लेखिकेला विचारलं, ती म्हणते मी हेच लिहून दिलं होतं. आणि त्याच्या पुढे बारा पानं आहेत."

"काय आहे त्यांत? नवरा काय बोलतो?"

"वहिनी आहेत का घरी?"

"आहेत. काय बोलतो तो?"

"त्यांना द्या जरा."

मी फोन तिच्या हातात दिला. ती पाठमोरी उभी राहून ऐकत होती. दोन-तीन मिनिटं नुसतं "हो" आणि "हं". मग म्हणाली, "नाही हो. बावीस वर्षं ओळखते मी त्याला." फोन ठेवल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. प्रती परत मागवतायत म्हणे." त्या दिवसापासून मी खोलीत आलो की ती बोलणं थांबवून माझ्याकडे एकदा नीट बघून घ्यायची. ओळख पटवल्यासारखं. मग पुन्हा बोलायला लागायची.

मंगळवारी तिने बॅग भरली. मी तीन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "राहू दे. उगाच जोर नको लावूस."

आज बुधवार. तिचं ते ओळख पटवल्यासारखं बघणं सोसवेना, म्हणून आज मी घरी न जायचं ठरवलं. ती उद्या सकाळी निघेपर्यंत ऑफिसातच राहीन, असं तिला सांगून आलो. "बरं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. ते मला लागलं. तिने आज अर्धी रजा टाकली आहे, दुपारपासून ती घरी एकटी आहे.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी पुस्तकांच्या पानाचं टपाल उघडलं. एका निवृत्त परिचारिकेचं पत्र होतं. सुवाच्य अक्षर, निळी शाई.

'कादंबरीबद्दल माझंही तुमच्यासारखंच झालं. त्या बाईचं वागणं पटत नाही आणि तिला दोषही देववत नाही. परीक्षणात तुम्ही टेबलाच्या प्रसंगापर्यंतच सांगितलंत, पुढचं सांगितलं नाहीत, ते योग्यच. ती पुढची पानं वाचल्यावर मी पुस्तक घरात ठेवलं नाही. तिने गुरुवारपर्यंत थांबायला नको होतं. पण खरं सांगू, मला शेवटपर्यंत दया आली ती नवऱ्याची. कारण तो स्वतःला ऑफिसात बसलेला समजत असतो.'

मी टेबलावर हात ठेवून पाहिला. सनमायका गार होता. शेजारच्या टेबलावरचा वार्ताहर फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मी त्याला हाक मारली. त्याने वर पाहिलं नाही.

घरी फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला.

मग शेजारच्या काकूंना केला.

"अहो, असेल अंघोळीला," काकू म्हणाल्या. "किती काळजी करता! थांबा, फोन ठेवू नका, बघूनच येते."

त्यांच्या चपलांचा आवाज आला. जिन्यातला थोडा घुमारा. मग आमची बेल.

दुसऱ्यांदा बेल.

कडी निघाल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"अगंबाई!" काकू हसल्या. "फोन कशाला करता मग? तुम्ही घरीच आहात की."