अर्धा हंडा

सारजा गुळाच्या ढेपेवर बसली, तेव्हा ढेप कुणाची हे बघण्याचं भान तिला नव्हतं. बारामतीच्या बाजारात बाप वांगी विकत होता, ती पाणी आणायला निघाली, आणि काळीज एकाएकी उधळलं. कपाळावर घाम, हात छातीशी… समोर दिसलं त्यावर बसली झालं!

"अवो बाई, आता गिऱ्हाइकाला काय सांगू? ढेपंवर पोरगी बसून गेली, म्हून दर जादा?"

तिनं मान वर केली. तरणाबांड गडी, तिरकं मुंडासं, हसरे डोळे.

"थांबा जरा… धडधडतंय."

"मला बघून?"

"तुमाला बघायच्या आधीपासनं!"

तो खळखळून हसला. पण तिचा पांढरा पडलेला चेहरा दिसला आणि गप झाला. तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि आपली सावली तिच्यावर पडेल असा उन्हाला पाठ करून उभा राहिला. हा अंथुर्ण्याचा रावजी. त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं आणि दर बाजाराला तो गूळ घेऊन यायचा.

सारजाला ताप नव्हता, खोकला नव्हता. दिवसा काळीज कधीमधी उधळे, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की कानात धाडधाड सुरू. या कुशीवरून त्या कुशीवर, उठून बस, पाणी पी, पुन्हा पड. शेजारी आई घोरायची आणि सारजाला तिचा हेवा वाटायचा. आईनं, प्रयागबाईनं, दृष्ट काढली, दंडात ताईत बांधला. डॉक्टरनं नळी लावून सांगितलं, "जिवाला धोका नाही. चहा कमी कर." पण हे थांबणार कधी? यावर त्यानं नुसते खांदे उडवले.

घरचे विचारायचे, "बरं हाय न्हवं आता?" म्हणजे त्यांना 'बरं हाय' एवढंच ऐकायचं असे. रावजी मात्र बाजारात भेटला की विचारी, "काल डोळा लागला का?"

"लागला… कोंबडं आरवल्यावर."

"मग म्या कोंबडंच व्हायला पायजे."

"व्हा की! पर मग गूळ कोण इकंल?"

असं बोलता बोलता तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. आणि संक्रांत सरली, तशी अंथुर्ण्याहून कन्हेरीला, सारजाच्या घरी, मागणी आली. रावजीची आत्या ठमाबाई मुलगी बघायला येणार होती. त्याला आई नव्हती. आत्या म्हणेल ती पूर्व दिशा.

सारजा हरखली, पण क्षणभरच. सुप्याचं स्थळ या धडधडीपायीच मोडलं होतं. रावजीनं घरी सांगितलं असेल का? सांगितलं असेल, तर ही माणसं येतायत कशी?

"दुखण्याचा चकार शबूद काढू नगंस," प्रयागबाईनं दम भरला. "एकदा सुपारी फुटू दे, मग बघू."

त्या भागातली रीत अशी, की बघायला आलेल्यांसमोर मुलीनं विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन यायचं. चाल कळते, दमही कळतो. लेकीला धाप लागू नये म्हणून प्रयागबाईनं हंडा अर्धाच भरून दिला, आणि तिथंच फसली. सारजा पाऊल टाकी, तसं पाणी डुचमळे. ओसरीपर्यंत येता येता तिचा खांदा, पदर, सगळं ओलंचिंब!

ठमाबाई सुपारी कातरायची थांबली. "भरला हंडा गप चालतो, पोरी. ह्यो अर्धा का?"

"घाई झाली वो जरा…" प्रयागबाई पुढं झाली.

सारजानं हंडा खाली ठेवला. आता गप्प राहिलं तर रावजी मिळेल. बोललं तर कदाचित नाही. पण जन्मभर या बाईपुढं चोरासारखं वावरायचं?

"घाई न्हाय झाली, आत्याबाई. माझं काळीज धडधडतं. राती झोप लागत न्हाय. डाक्टर म्हणतो धोका न्हाय, पर कवा थांबंल ते त्यालाबी ठावं न्हाय."

तिच्या बापानं, दत्तोबानं, मान खाली घातली. ओसरीच्या कडेला बसलेला रावजी पुढं सरकला.

"मला ठावं हाय, आत्या," रावजी म्हणाला. खरं तर बघण्याच्या बैठकीत मुलानं तोंड उघडायचं नसतं.

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं आस्तं, तर गाडीत बसली आस्तीस?"

"रातभर जागणारी पोर घरात आणून करशील काय रं?"

"आपल्या उसाला पाटाच्या पाण्याची पाळी रातीचीच येती. बांधावर मी येकटा जागतो…" तो जरा अडखळला. "घरात कुनीतरी जागं हाय, एवढं ठावं आसलं, तरी अंधार बरा वाटंल."

ठमाबाई उठली. तिनं सारजाच्या पाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या मोडल्या.

"अगं बया… हे आसलं घिऊन डोईवर हंडा आणलास व्हय? दत्तोबा, सुपारी फोडा. आन पोरीला आधी बसाया द्या!"

निघताना रावजी बैल जुंपत होता. सारजा गाडीजवळ गेली.

"आन म्या बरी झालेच न्हाय तर?"

"बऱ्या झालेल्या सारजाला मागणी घातली न्हाय म्या. हिला घातलीया."

तिचे डोळे भरून आले. "सुप्याचं मोडलं, तवा रडले न्हाय मी. आज मोडलं आस्तं तर…"

"म्हून तर मोडू दिलं न्हाय," तो हळूच म्हणाला.

त्या रात्रीही सारजाला झोप लागली नाही. काळीज धडधडत होतं आणि ती पडल्या पडल्या हसत होती. सकाळी तिनं बापाला विचारलं, अंथुर्ण्याकडं पाण्याची पाळी कंच्या राती येती? आणि बापच लाजला.