हिरवे बिल्ले, निळे बिल्ले

आमची पहिली भेट एका करडाच्या पोटाखाली झाली. थर्मामीटरसकट पळालेलं ते करडू शेडच्या कोपऱ्यात सापडलं. मी त्याला इकडून धरायला वाकले, तिकडून आणखी कोणीतरी वाकलं, आणि मला पोटाखालून दोन डोळे दिसले. फक्त डोळेच! बाकीचा माणूस मास्क, टोपी आणि पांढऱ्या कोटात गुंडाळलेला होता.

"ताप मोजून झाला असेल तर सोडा बिचाऱ्याला," डोळे म्हणाले.

"थर्मामीटर मिळाला की सोडते. तो संस्थेचा आहे, त्याचा नाही."

"त्याला तसं वाटत नाहीये…"

मी मास्कच्या आत हसले आणि ते त्याला कळलं. माझा निकाल तिथेच लागला असावा.

तो आमच्या संशोधन केंद्रातला नवा पशुवैद्य. मी करडांच्या छात्या तपासणारी. करडांच्या न्यूमोनियावर एक नवी लस आली होती. निम्म्या करडांच्या कानात हिरवे बिल्ले, निम्म्यांच्या निळे. एका रंगाला लस द्यायची, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या रंगाला काय, ते फक्त त्याला ठाऊक, कारण सुई त्याच्या हातात. मग सगळ्यांनाच आजाराचे जंतू द्यायचे आणि मी रोज स्टेथोस्कोप लावून कुणाची छाती किती घरघरते त्याचे गुण द्यायचे. मला रंगाचं कळलं असतं तर माझ्या कानांनी पक्षपात केला असता. म्हणून केंद्राच्या प्रमुख मॅडमची सक्त ताकीद होती— तुम्ही दोघांनी करडांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

मग काय, आम्ही बाकी सगळं बोललो.

"आज काय विषय?" कॅन्टीनमध्ये तो समोर ताट ठेवत विचारायचा.

"हवामान."

"ते काल झालं."

"मग माझ्याबद्दल बोल."

"ते काढलं तर जेवणाची सुट्टी पुरायची नाही गं…"

मी घाईघाईने ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता, हे त्यानेही पाहिलं.

घरी ताई पिच्छा पुरवायची. "तुझा तो मास्कवाला काय म्हणाला आज?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना एवढं लाजायला काय झालं?"

खरं तर तो फार काही म्हणायचाच नाही. पण शेडमध्ये दिवसभर त्याचे डोळेच दिसत, आणि मला ते पाठ होत चालले होते. हसला की आधी उजवा बारीक व्हायचा. दवाखान्यातून त्याच्या आजारी आईबद्दल फोन आला, की नजर एका जागी थिजायची, जणू आता आपल्या हातात काहीच नाही.

ती थिजलेली नजर मला एका दुपारी शेडमध्ये दिसली. करडं खोकायला लागली होती. मी एका निळ्या बिल्लेवाल्याची छाती ऐकत होते आणि तो दारातून त्याच्याकडे बघत होता. आईच्या फोननंतर बघायचा तसाच. मग शेजारच्या हिरव्याकडे त्याची नजर गेली आणि जराशी सैल झाली.

मला कळलं. निळ्यांना पाणी मिळालं होतं.

पुढचं करडू हिरवं होतं. त्याची घरघर ऐकली आणि मनात आलं, एवढी काही नाही. पुन्हा ऐकली. पुन्हा तेच वाटलं. ती लस चालावी, त्याच्या डोळ्यांना बरं वाटावं, एवढंच मला हवं होतं. माझे कान आता कामातून गेले होते.

काही दिवस मी तशीच गुण देत राहिले. मग राहवेना. हातपाय धुवायच्या नळापाशी त्याला गाठलं.

"निळ्यांना तू पाणी दिलंयस."

तो पांढराफटक पडला. "कोणी सांगितलं तुला?"

"तूच. तुझे डोळे… मला वाचता येतात."

नळ तसाच वाहत होता. तो म्हणाला, "हे असं सांगतात का गं कुणी?"

"मला दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगता आलं नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंदाचा टिपूस नव्हता.

"गप्प बसू या ना," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

"ती करडं आपण मुद्दाम आजारी पाडलीत. त्यातून निदान खरं तरी निघायला नको?"

आम्ही दोघंही मॅडमकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. सगळे गुण बाद. करडांची फुफ्फुसं तपासायची, आणि नवी करडं आणून पुन्हा पहिल्यापासून. "पण दोघांपैकी एकच इथे राहील," त्या म्हणाल्या. माझं तोंड उघडायच्या आत तो "मी जातो" म्हणून मोकळा झाला.

जंतू दिलेली करडं बाहेर सोडता येत नाहीत. फुफ्फुसं तपासायची म्हणजे त्यांना कायमचं झोपवायचं. एकाने धरायचं, एकाने सुई द्यायची. मी धरलं, सुई त्याच्या हातात. इतके दिवस त्याचा हात हातात यावा म्हणून झुरले होते, तो त्या दिवशी पुन्हा पुन्हा माझ्या हाताला लागत होता, आणि दर वेळी मांडीवरचं एक करडू जड होत होतं. एकदाही त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या खोलीत मॅडमनी फुफ्फुसं उघडली. निळ्यांची पार खराब होती. हिरव्यांचीही तितकीच. लस चाललीच नव्हती. मी ऐकलेला फरक कुठे नव्हताच.

"आता पुन्हा प्रयोग करण्यात अर्थ नाही," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्हाला जायची गरज उरली नाही."

त्याने मास्क काढून कचऱ्यात टाकला. "जातो मी, मॅडम."

मी त्याच्या मागोमाग बस थांब्यापर्यंत धावले. गमबूटसुद्धा काढले नव्हते.

"आता कसली अडचण आहे? सांग ना!"

"तू समोर आलीस की मला आजचा दिवस दिसणार," तो म्हणाला. "आणि मला तुझा राग यायला नकोय… कधीच."

"थांब ना," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. "माझ्यासाठी थांब."

तो थांबला. बस येईपर्यंत.