जरा दम धर

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. ही गोष्ट भर दुपारची आहे. मंगळवार, चार वाजायला वीस मिनिटं. आणि ती खरी आहे. मी तिखटमीठ लावून सांगतेय असं ज्याला वाटत असेल त्याने इथेच थांबावं, मला राग नाही.

माझ्या मावसबहिणीच्या, ताईच्या बाबतीत घडलंय हे.

ताई पाणबुड्यांचं सामान दुरुस्त करते. मुख्य काम रेग्युलेटरचं. सिलिंडरमधली हवा पाणबुड्याच्या तोंडात बेताने सोडतं ते यंत्र. त्यातली रबरं जुनी झाली की कडक होतात, ती बदलायची.

नवराही पाणबुड्या. भारी उतावळा माणूस. ही कामाला बसली की हा डोक्यावर उभा. "झालं का? झालं का?"

हिचं ठरलेलं उत्तर, "जरा दम धर रे!"

तीन वर्षांपूर्वी धरणावर तेच झालं. ती म्हणाली, "दम धर, रबरं बदलून देते." तो हसला. "दम काय, खाली जाऊन धरतो की!" म्हणाला आणि तसाच उतरला.

रेग्युलेटर सापडलं.

तो सापडला नाही.

त्या मंगळवारी त्याच धरणात धाकटा दीर उतरला होता. दरवाजाच्या जाळीतला गाळ काढायला. सकाळी निघताना सासूबाई ताईला एवढंच म्हणाल्या होत्या, "एक गेला. याला घेऊनच ये."

ताई तराफ्यावर बसली होती. अचानक दिराचा जोडीदार, लंबू, पाण्यातून वर आला तो ओरडतच.

"वहिनी, त्याचा पाय जाळीत अडकलाय! गज कापायला तास लागेल. त्याच्याकडे वीस मिनिटांची हवा आहे!"

तराफ्यावर भरलेलं सिलिंडर होतं. जादा रेग्युलेटर नव्हतं.

म्हणजे... एक होतं.

पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं. नवऱ्याचं. तोंडात धरायच्या रबराचा डावा कोपरा त्याने चावून चावून झिजवलेला. तीन वर्षांत कोणी ते उघडलं नव्हतं. ती ते बरोबर का बाळगायची, तिचं तिलाच ठाऊक.

आतली रबरं बदलल्याशिवाय ते खाली पाठवणं म्हणजे जाणूनबुजून जीव घेणं. ताईने ते मांडीवर घेतलं. झाकण फिरवून काढलं.

तीन वर्षं कोरड्या पेटीत पडलेली वस्तू...

आतून पाणी सांडलं. गार, ताजं पाणी.

विचार करायला सवड कुठे होती? तिने जुना रबरी पडदा ओढून काढला, नवा बसवला. रिंगा बदलल्या. शेवटचं छोटं रबर चिमटीतून सुटलं आणि तराफ्यावर घरंगळत गेलं. लंबूने झडप घालून ते अगदी कडेला पकडलं.

"वहिनी, आवरा! सात मिनिटं राहिली!"

"जरा दम धर!" ताई सवयीने किंचाळली.

...

"धरलाय."

लंबू बोलला नव्हता. लंबू पाण्याकडे बघत होता.

आवाज तिच्या मांडीवरून आला होता.

ताई म्हणते, भीती नाही वाटली गं, रडूच फुटलं. रडत रडतच तिने झाकण आवळलं. मग शेवटची तपासणी. सिलिंडरकडच्या टोकाला टोपी घालून ते बंद करायचं आणि तोंडाने ओढून बघायचं. काहीच यायला नको. हवा आली तर कुठेतरी गळतंय.

तिने ओढलं.

हवा आली...

भरपूर आली. ऊबदार. कुणाच्या तरी छातीतून नुकतीच निघालेली.

पुन्हा उघडायला वेळ नव्हता. तिने ते सिलिंडरला जोडून लंबूच्या हातात दिलं आणि लंबू खाली गेला. तेव्हा तिने घड्याळ पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. दिराची हवा चारलाच संपायला हवी होती.

मग नुसतं पाणी. एक बुडबुडा नाही. ताई तराफ्यावर पालथी पडून खाली बघत राहिली. सासूबाईंना तोंड कसं दाखवू, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सव्वापाचला दोघं वर आले.

जिवंत. दोघंही.

ताईने दिराला मिठी मारली, पाठीत धपाटे घातले, तोंडाला येईल ते बोलली. त्याचे ओठ निळे पडलेले. तो म्हणाला,

"वहिनी, लंबू यायच्या आधीच माझी हवा संपली होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि दादाने स्वतःच्या तोंडातलं काढून मला दिलं."

"काय दिलं?"

"हेच. हा झिजलेला कोपरा दादाचाच ना?"

तेव्हा तर ते तिच्या मांडीवर होतं.

लंबू खाली मान घालून म्हणाला, "मी लावलंच नाही, वहिनी. मी सिलिंडर घेऊन पोचलो, तर याच रेग्युलेटरच्या नळीचं दुसरं टोक आधीच याच्या तोंडात."

ताईने दिराला विचारलं, "आणि... त्याने काय केलं?"

"दम धरून बघत राहिला माझ्याकडे. पाय सुटल्यावर त्याने हात पुढे केला. परत दे, अशी खूण केली." दीर हुंदके द्यायला लागला. "मी दिलं नाही, वहिनी. मी ते सोडलंच नाही. मला जगायचं होतं."

याला आता सात महिने झाले. दीर पाण्याकडे फिरकत नाही. रेग्युलेटर ताईकडेच आहे. ते पाण्यात सोडायला ती दोनदा धरणावर जाऊन आली. दोन्ही वेळा मूठ उघडली नाही. तिचं म्हणणं, हे सोडलं तर माझ्याकडे त्याचं राहिलं काय?

रोज दुपारी चारला ती टोकाला टोपी घालते, ते तोंडाला लावते आणि ओढते.

हवा येते...

पण गेल्या आठवड्यापासून कमी येतेय. काल जेमतेम अर्धा श्वास आला.

काल रडत मला फोन केला. "काय करू गं मी? सांग ना!"

एरवी मी झटकन म्हटलं असतं, जरा दम धर.

ते तीन शब्द तोंडातून फुटेनात.